पहिल्यांदा बालीला जाताय तर सगळ्या रात्री एकाच हॉटेलात काढू नका

बालीचा नकाशा बघितला की सगळं जवळजवळ वाटतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सातही रात्रींचं बुकिंग दक्षिणेला समुद्रकाठच्या कुटालाच केलं होतं, म्हटलं रोज गाडी करू आणि फिरून येऊ, तर रोजचे चार-पाच तास नुसते गाडीत गेले. कुटा ते आतल्या भागातलं उबुद जेमतेम ३५ किमी, पण रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी स्कूटर, मध्येच एखादी मंदिराची मिरवणूक, त्यामुळे दीड तास धराच आणि संध्याकाळी दोनसुद्धा लागतात. म्हणून सगळ्यात आधी मुक्काम दोन जागी वाटून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

सात दिवस असतील तर तीन रात्री उबुद आणि उरलेल्या दक्षिणेला समुद्राजवळ, हे माझ्या मते सगळ्यात बरं. भातखाचरं, तीर्ता एम्पुल मंदिराचे झरे, मंकी फॉरेस्ट हे सगळं उबुदच्या बाजूला पडतं. दक्षिणेत लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर सानुर घ्या, तिथे किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत असल्याने पाणी शांत असतं. कॅफे आणि गर्दी हवी तर चांगू, कडे आणि मोठ्या लाटा बघायच्या तर उलुवातू. नुसा पेनिडा या शेजारच्या बेटाची बोट सानुरहून सुटते म्हणून ती ट्रिप सानुरला असतानाच उरका, पण परतीच्या फ्लाइटच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी अजिबात ठेवू नका, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. उत्तरेचं मुंडुक हे डोंगरातलं गाव सुंदर आहे पण दहा दिवस असतील तरच.

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा सीझन, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. तिकीट काढायच्या आधी न्येपी कधी आहे ते मात्र बघाच. हे त्यांचं शक नववर्ष, बहुतेक वेळा मार्चमध्ये येतं, २०२६ मध्ये १९ मार्चला. त्या दिवशी विमानतळ २४ तास पूर्ण बंद, रस्त्यावर कुणी नाही, टुरिस्टनेही हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही, रात्री दिवेसुद्धा कमी. अनुभव म्हणून फार सुंदर आहे पण माहीत नसेल तर प्लॅन कोलमडतो. जायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह म्हणजे राक्षसांच्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, त्या चुकवू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस, आणि एकदाच अजून ३० दिवस वाढवता येतो. ऑनलाइनही काढता येतो, पण सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गो डॉट आयडी असतं, ते नसेल तर ती साइट बंद करा कारण तशाच दिसणाऱ्या साइट जास्तीचे पैसे घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियाचा टुरिस्ट कर वेगळा आहे, तो लव्ह बाली ॲपवर आधीच भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. दिवस मोजताना उतरलात तो दिवस पहिला धरा, मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड.

पैशात शून्यं फार, तिथेच घोळ होतो. १ लाखाची नोट लालसर, १० हजाराची जांभळी, रात्रीच्या अंधारात देताना एकदा बघून द्या. मेनूवर ४५ के लिहिलं असेल तर ४५ हजार. रेट फारच भारी देणाऱ्या गल्लीतल्या मनी चेंजरकडे जाऊ नका, मोजताना हातचलाखीने नोटा कमी करतात, बँकेचं किंवा अधिकृत दुकान बघा आणि शेवटचं मोजणं तुमच्याच हाताने होऊ द्या. एटीएममध्ये बऱ्याचदा पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, कार्ड तिथेच राहतं लोकांचं.

स्कूटर सगळे घेतात म्हणून तुम्ही घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. टू-व्हीलरसकट इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या माथी येतं. ग्रॅब आणि गोजेक ही टॅक्सीची ॲप छान चालतात, काही गावांत मात्र स्थानिक ड्रायव्हर त्यांना आत येऊ देत नाहीत, मग थोडं चालून मेन रोडला या. लांबचं फिरायला दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवणं सगळ्यात सुखाचं.

नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचं. शाकाहारी असाल तर टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) भरपूर मिळतं, पण सांबल म्हणजे मिरचीच्या चटणीमध्ये बऱ्याचदा तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते म्हणून ऑर्डर देतानाच तान्पा तेरासी म्हणा, तान्पा म्हणजे शिवाय. घरगुती अराक म्हणजे तिथली गावठी दारू कुणी कितीही आग्रह केला तरी नको, त्यात मेथॅनॉल निघून माणसं मेलेली आहेत. लाल झेंडा असलेल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातही उतरू नका, ओढ फार असते. आणि माकडं, उलुवातूच्या मंदिरात चष्मा डोळ्यावरून नेतात, फोन खिशात, चष्मा बॅगेत. बालीत रेबीज आहे, माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तरी साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा, परत आल्यावर बघू असं करू नका.

मंदिरात सारोंग म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड आणि कमरेला पट्टा लागतो, बऱ्याच ठिकाणी दारावर मिळतो. मासिक पाळीत आत येऊ नये अशी पाटी असते, पटो न पटो, नियम त्यांचा आहे. रस्त्यावर, दुकानासमोर नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली दिसेल, ते चानांग सारी, रोज हाताने बनवतात, त्यावर पाय पडू देऊ नका, बाजूने जा. पूजा चालू असेल तर पुजाऱ्याच्या समोर उभं राहून फोटो काढू नका. भेटल्यावर हात जोडून ओम स्वस्तिअस्तु म्हटलं की लोक खुश होतात, आभार मानायला सुक्स्मा म्हणा आणि उत्तरात समोरचा सुक्स्मा मवाली म्हणाला तर दचकू नका, त्याचा अर्थ तुमचेही आभार.