पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन करताय? साताऱ्याच्या रनर मंडळींनो, या चुका टाळा

साताऱ्यात पळणाऱ्यांची कमी नाही. यवतेश्वरचा घाट चढून हिल मॅरेथॉन मारणारे लोक गल्लोगल्ली सापडतात, आणि ललिता बाबरच्या जिल्ह्यात पळायचं कुणी कुणाला शिकवायचं. हीच मंडळी आता ट्रायथलॉनकडे वळायला लागलीत आणि सगळ्यांचं गणित एकच, स्प्रिंट म्हणजे छोटी रेस, ७५० मीटर पोहायचं, २० किमी सायकल, मग ५ किमी पळायचं, ते ५ किमी तर आपले रोजचेच, अवघड काय? अवघड हे की ते ५ किमी येईपर्यंत बऱ्याच जणांचा कार्यक्रम झालेला असतो. आपल्याकडचा माणूस ही रेस पळताना घालवत नाही, पाण्यात आणि सायकलीवर घालवतो आणि बिल मात्र पायावर फाडतो.

पोहता येतं म्हणजे ७५० मीटर पोहता येतं, हा गैरसमज

बरेच जण विहिरीत शिकलेत. पाठीला डबा बांधला, काकानं ढकलून दिलं, आलं पोहायला. खोल पाण्याची भीती जायला हे एक नंबर, पण विहिरीत शिकलेला माणूस डोकं पाण्याबाहेर ठेवून हात मारतो. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग सगळं अंग आडवं न राहता तिरकं होतं, पाणी ढकलण्यातच ताकद जाते आणि थोड्या अंतरात दम संपतो. उपाय एकच, तोंड पाण्यात ठेवायचं, श्वास पाण्यातच हळूहळू सोडायचा आणि मान बाजूला वळवून घ्यायचा. हे जमेपर्यंत स्पीडचा विचारही करू नका. हात जोरात मारून हा प्रॉब्लेम सुटत नाही, उलट वाढतो.

टँकवाल्यांची चूक वेगळी. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० लॅप, आणि प्रत्येक लॅपला भिंतीला पाय मारून फुकटचा ढकला मिळतो, वर दोन सेकंद आरामही. तलावात भिंत नाही, तळाला काळी पट्टी नाही, पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही. त्यामुळे टँकमध्ये अधूनमधून भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळायची सवय लावा आणि दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याच्या वर काढून समोरचा बॉय (दिशा दाखवणारा मोठा तरंगता फुगा) बघायची प्रॅक्टिस करा. नाहीतर नागमोडी पोहून ७५० चे ९०० मीटर कधी होतात कळत नाही.

सुरुवातीलाच श्वास अडकतो, घाबरायला होतं

हे जवळपास सगळ्यांना होतं आणि कुणी बोलत नाही. हॉर्न वाजला की पन्नास-शंभर माणसं एकदम पाण्यात, कुणाचा पाय तोंडावर, कुणाचा हात पाठीवर, सकाळचं गार पाणी छातीला लागतं, श्वास आत घेतला जातो पण पूर्ण सोडला जात नाही आणि वाटतं आपल्याला हवाच मिळेना. फिटनेस कमी पडला म्हणून हे होत नाही. स्टार्टच्या आधी परवानगी असेल तर पाण्यात उतरून तोंड बुडवा, बुडबुडे सोडा. गर्दीच्या मध्ये घुसू नका, कडेला किंवा मागं थांबा, त्यात वाया जाणारा वेळ काहीच नसतो. तरी झालंच तर पाठीवर उलटं व्हा किंवा ब्रेस्टस्ट्रोक मारा, दोन्ही चालतं. रेस्क्यूच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून दम खाल्ला तरी सहसा बाद करत नाहीत, फक्त त्याला धरून पुढं सरकायचं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, प्रॅक्टिस म्हणून कण्हेर नाहीतर धोम धरणाच्या पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही, कितीही पट्टीचे पोहणारे असा. सोबत माणूस आणि कमरेला रंगीत फुगा पाहिजेच. सांगलीवाल्यांचं बरंय, त्यांच्यातले कितीतरी कृष्णेत पोहून तयार झालेत (मुरलीकांत पेटकर पण सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं गोल्ड आणलं), पण त्याच सांगलीवाल्यांना आपल्या घाटात सायकल चालवायला आणा, मग बघू.

ट्रान्झिशनमधला (पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळायला जातानाचा) गोंधळ

पाण्यातून एकदम उभं राहिलं की गरगरतं, कारण इतका वेळ अंग आडवं होतं. शेवटच्या थोड्या अंतरात पाय जरा जास्त मारा आणि पहिली पावलं चालत टाका. मग स्वतःची सायकल शोधायची. सगळ्या सायकली सारख्याच दिसतात, म्हणून रेसच्या आधी पाण्याच्या बाजूनं चालत येऊन कितवी रांग ते बघून ठेवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल स्टँडला अडकवल्याशिवाय बक्कल काढायचं नाही. सायकलवर बसायची रेषा वेगळी असते, तिच्या अलीकडं टांग मारली की पेनल्टी. आपल्याकडे हेल्मेटला लोक आधीच कंटाळतात त्यामुळे इथं हमखास गडबड होते, घरी दारात दहा-वीस वेळा हा क्रम करून बघा, शेजारचे हसले तर हसू द्या. रेसचा नंबर कमरेच्या बेल्टवर लावा, सायकलवर मागं आणि पळताना पुढं फिरवायचा. इलॅस्टिकच्या लेस आणि पाय पुसायला छोटा नॅपकिन, एवढं बास. ओल्या पायात मातीसकट मोजे घातले तर फोड नक्की.

सायकलवर घाटाची ताकद दाखवणं

घाटात सराव केलेल्यांना जड गिअर रेटायची सवय असते. सपाट रस्त्यावर तेच केलं की मांड्या भरतात आणि पळताना उचलत नाहीत. हलका गिअर, मिनिटाला पेडलचे ८५-९० फेरे, आणि शेवटच्या दीड-दोन किमीत अजून हलका. पुढच्याच्या मागं चिकटून वारा चुकवणं आपल्या हौशी गटात बहुतेक ठिकाणी बंद असतं, अंतर ठेवा नाहीतर पटकन ओव्हरटेक करा. पंक्चर झालं तर बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, त्यामुळे ट्यूब, टायर लिव्हर, पंप जवळ पाहिजे आणि मागचं चाक काढता आलं पाहिजे. चेन पडायची सवय असलेली सायकल असेल तर आधी दुकानात दाखवा, रेसमध्ये नशिबावर सोडू नका. सराव हायवेवर करू नका, आणि गळीत हंगामात अंधारात तर कुठल्याच रस्त्यावर नको, उसाच्या ट्रॉलीला मागं लाईट असेलच असं नाही.

पळायला लागलं की पाय लाकडासारखे

सायकलवर कंबर वाकलेली आणि पाय गोल फिरत असतात, एकदम पळायला लावलं की ऐकत नाहीत. पहिला किमी आखूड पावलं टाका, घड्याळाकडं बघू नका, सुटतात. पण खरा इलाज आधीचा, आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच दहा-पंधरा मिनिटं पळायचं, मधे चहा नाही. पोटात कळ येत असेल तर बहुतेक सायकलवर एकदम घटाघटा पाणी प्यायलं गेलंय, घोट घोट प्या.

खाण्याचं फार डोक्याला लावू नका, सव्वा ते दोन तासांची रेस आहे. अडीच-तीन तास आधी पोहे किंवा इडली, आणि आदल्या रात्री मिसळ नको एवढंच. इअरफोन चालत नाहीत, नवे शूज त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. टायमिंगची चिप डाव्या घोट्याला बांधा, उजव्या बाजूला चेन असते. आणि संपल्यावर ती परत द्यायला विसरू नका, काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात.