जड मशीन कमी स्पीडवर कसं चालवायचं

फुल रेस दिली की पोकलेन जास्त जोर लावतं हा समज आधी डोक्यातून काढा. बकेटचा जोर येतो हायड्रॉलिक प्रेशरमधून आणि त्या प्रेशरची मर्यादा रिलीफ व्हॉल्वने (प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की तेल परत सोडणारा व्हॉल्व) आधीच बांधलेली असते, रेस वाढवली की पंप जास्त तेल ढकलतो, म्हणजे बूम आणि आर्म (बकेट धरणारे दोन लांब हात) पटपट हलतात एवढंच, जोर जवळपास तोच राहतो.

१. मशीन चालू केल्यावर तेल गरम होईपर्यंत स्लो ठेवा.

२. मग थ्रॉटलचा डायल फुलवरून एकेक घर खाली आणा आणि प्रत्येक घरावर नेहमीचंच काम करून बघा. इंजिन दबायला लागलं, काळा धूर आला की एक घर वर घ्या, बस, तीच तुमची सेटिंग. बऱ्याच डिझेल इंजिनांचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तसाही मधल्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) सगळ्यात जास्त असतो.

३. खोदताना बकेट आपटू नका, दाबून आत घाला. स्पीड दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते आणि ती पिन, बुश (सांध्यातले खिळे आणि त्यांच्या नळ्या) आणि वेल्डिंग खातात. सिलेंडर पार टोकापर्यंत नेऊन ठोकायचा नाही, थोडा अलीकडेच थांबवायचा. बकेट अडकली, इंजिनवर लोड आलाय पण काहीच हलत नाहीये, म्हणजे तेल रिलीफवरून परत चाललंय आणि नुसतं तापतंय, तेव्हा लिव्हर सोडा आणि पातळ थर घ्या.

४. मशीन हलवताना कासव आणि सशाचं चित्र असलेलं बटण असतं ना, ते खडकाळ जागेत आणि वळताना कासवावरच ठेवा. चेन, रोलर, स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) सगळ्यांची झीज स्पीडबरोबर वाढते, त्यात रिव्हर्सला बुश आणि स्प्रॉकेट जास्त घासतात म्हणून लांबचं अंतर रिव्हर्समध्ये कधीच कापू नका, ऑपरेटर घाईत नेमकं हेच करतात आणि मग चेन बदलायचा मोठा खर्च अंगावर येतो.

५. व्हायब्रेटरी रोलरला (ड्रम थरथरवून माती दाबणारं मशीन) तर स्पीड म्हणजेच क्वालिटी. समजा ड्रम सेकंदाला ३० ठोके देतोय, तर ताशी ४ किलोमीटरला एका मीटरमध्ये साधारण २७ ठोके बसतात, स्पीड ८ केला की फक्त १३-१४! थर वरून गुळगुळीत दिसेल पण आत सैल राहील, मग जास्तीच्या फेऱ्या मारा, म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच गेला.

आता रेस कुठे कमी करायची नाही तेही बघा. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर ५४० पीटीओचा असेल तर पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट) ५४० आरपीएमवरच फिरला पाहिजे, ट्रॅक्टर हळू न्यायचाय तर खालचा गिअर टाका. पोकलेनला लावतात त्या खडक फोडायच्या ब्रेकरला पण कंपनीने सांगितलेला तेलाचा फ्लो मिळालाच पाहिजे. आणि काम नसताना मशीन तासन्‌तास स्लोवर घुरघुरत ठेवू नका, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी धरते, त्यापेक्षा बंद करा.

फक्त बंद करायच्या आधी टर्बोवालं (धुराच्या जोरावर जास्त हवा भरणारा पंखा असलेलं) इंजिन ३ ते ५ मिनिटं स्लोवर ठेवा, जोरात काम झाल्या झाल्या चावी फिरवली तर टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळणं थांबतं आणि आत राहिलेलं तेल उष्णतेने जळून जातं.