मिरचीची पानं वळली? औषध नंतर, आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा

परसात मिरची लावणं अजिबात अवघड नाही, अवघड आहे ती बोकड्यातून वाचवणं. बोकड्या म्हणा, चुरडा-मुरडा म्हणा, पानं आकसतात, शेंडा थांबतो, फुलं गळतात आणि मग कोणीतरी सांगतं की ताक मारा, दुसरं कोणी सांगतं अंड्याची टरफलं घाला. म्हणून बाकीचं पटापट सांगतो आणि त्यावर येतो.

खत, माती, कुंडी हे तुम्ही बघालच. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं आणि काळी, पाणी धरून ठेवणारी माती असेल तर गादीवाफाच (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) करा, नाहीतर पावसात मुळं सडली म्हणून समजा.

बी पावसाळी मिरचीसाठी मेच्या शेवटी-जूनमध्ये टाकायचं, हिवाळीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात. घरात रोज लागणारी हवी तर ज्वाला किंवा राहुरी विद्यापीठाची फुले ज्योती, ही झुपक्याने लागते त्यामुळे दोन-चार झाडांत घर भागतं. तिखटजाळ हवी तर लवंगी. भूत झोलोकियाची हौस असेल (२००७ मध्ये गिनीजने जगातली सगळ्यात तिखट ठरवलेली ती आसामकडची) तर जरूर लावा, पण तिचं बी उगवायला कधीकधी तीन-चार आठवडे घेतं, रोज माती उकरून बघू नका. साधी मिरची आठ-दहा दिवसांत वर येते.

रोपांवर जाळी घाला, आणि ही पायरी सोडू नका. मच्छरदाणीचा तुकडा चालत नाही, रोग पसरवणारी पांढरी माशी त्यातून आरामात आत जाते. रोपवाटिकेत वापरतात ती ४०-५० मेशची बारीक नायलॉन जाळी आणा. रोप वीतभर झालं, साधारण पाच-सहा आठवड्यांचं, की संध्याकाळी दीड-दीड फुटावर लावा, पाणी द्या, झालं.

आता बोकड्या. लोक याला एकच रोग समजतात आणि सगळा घोळ इथेच होतो. पानं आकसायला तीन वेगळी कारणं आहेत, दोघांचं औषध वेगवेगळं आहे आणि तिसऱ्याचं तर औषधच नाही. मला हे कळेपर्यंत या झाडांनी बराच छळ केला, त्यामुळे आता कोणी फोटो पाठवून "काय मारू?" असं विचारलं की मी आधी विचारतो, पान वर वळलंय का खाली?

कोवळं पान कडांनी वरच्या बाजूला वळून द्रोणासारखं झालं असेल तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खात्री करायची तर शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला टिचकी मारा, कागदावर बारीक पिवळट किंवा काळपट रेघा चालायला लागतील. कोरड्या उन्हाच्या दिवसांत हे जास्त, जोराचा पाऊस झाला की धुवून जातात. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे, सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने. मग दर पाच-सहा दिवसांनी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, असं तीनदा तरी. तेल आधी थोड्या लिक्विड साबणात नीट घोटायचं आणि मग पाणी घालायचं, थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि पहिल्या झाडाला सगळं तेल नि शेवटच्याला नुसतं पाणी मिळतं. तेलाची फवारणी संध्याकाळीच. निळे चिकट सापळे लावा, पण त्याने किडे संपत नाहीत, किती आहेत ते कळतं एवढंच. फुलं पण उघडून बघा, कारण २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीची वाट लावणारे ते काळे थ्रिप्स फुलांतच दडून बसतात.

पान खालच्या बाजूला वळलं, म्हणजे पालथं पडलं, अरुंद झालं आणि देठ लांब दिसायला लागला तर तो कोळी, म्हणजे माइट, घरातला कोळी नव्हे. हा डोळ्यांना दिसत नाही, भिंग हवं. तो कीटकच नाही, आठ पायांचा जीव आहे, आणि म्हणूनच दुकानदाराने दिलेलं नेहमीचं कीटकनाशक त्याला बऱ्याचदा काहीच करत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि पंधरा दिवसांत झाड आधीपेक्षा वाईट दिसतं. त्याला हवं गंधक, पाण्यात मिसळणारी पावडर, लिटरला २ ते ३ ग्रॅम, पानाच्या खालून. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, कडक उन्हाच्या दिवसांत गंधक मारायचं नाही, पानं करपतात, आणि निंबतेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधकाला हात लावायचा नाही, एकत्र तर मुळीच करायचं नाही.

तिसरं कारण विषाणू, जो पांढरी माशी आणते. पानं बारीक, सुरकुतलेली, शिरांमध्ये पिवळेपणा, पेरं जवळजवळ येऊन झाड झुडपासारखं गोळा होतं. इथे वर-खाली बघत बसू नका, खूण ही आहे की पाणी, निंबतेल, गंधक काहीही केलं तरी येणारं नवं पान तसंच आकसलेलं येतं, किड्या-कोळ्याचं असेल तर औषधानंतर नवीन शेंडा सरळ फुटतो. याला औषध नाही. कोणी टॉनिक विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. झाड उपटा, पिशवीत बांधून टाका, वाईट वाटतं पण शेजारची चार वाचतात. जवळ टोमॅटो असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा, पांढरी माशी तिथेही तेवढीच रमते.

आणि ती टरफलं. अंड्याचं टरफल मातीत विरघळायला महिनोन्महिने जातात आणि तुमच्या झाडाला कॅल्शियम कमी पडलेलंच नसतं. ताकाने फुलकिडा जात नाही. चहाचा चोथा कंपोस्टमध्ये टाका, शेंड्यावर नको.

यातून झाड वाचलं की पुढे काही नाही. ऊन ३५ अंशांच्या वर गेलं तर फुलं गळणारच, हिरवी नेट बांधा आणि घाबरू नका. मिरची देठासकट तोडा, सारखी तोडत राहिलात तर झाड सारखं देतं.

बाकी जागेत मेथी, पालक, गवार टाका, त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. बेरी हवीच असेल तर तुतीची फांदी खोचा, लागते. स्ट्रॉबेरीचं बी मागवू नका, महाबळेश्वरकडचे लोक लावतात तशी सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार रोपं आणा, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर तो नाद सोडा, तेवढ्या जागेत अजून दोन मिरच्या बसतात.

पुढच्या वर्षीचं बी सगळ्यात निरोगी झाडाच्या पूर्ण लाल झालेल्या मिरचीचं धरा आणि सावलीत वाळवा. लवंगी सोलताना हातमोजे घाला, नाहीतर नुसत्या पाण्याने आग जात नाही, आधी खोबरेल चोळा, मग साबण.