कातकामाच्या पटाशीला पांढरं चाक
लाकूड कातायच्या पटाशीला धार लावताना ग्राइंडरसोबत येणारं करडं चाक वापरू नका, ते साध्या लोखंडासाठी असतं. त्याचे बोथट झालेले कण लवकर झडत नाहीत, घासतच राहतात आणि पटाशीची कड निळी पडते. हायस्पीड स्टील, म्हणजे तापलं तरी कडकपणा टिकवणारं पोलाद, ते सोसतं. पण सावंतवाडीकडे खेळणी कातणाऱ्यांकडे लोहाराने घडवलेली जुनी हत्यारं असतील, तर त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, तिथेच उतरतं. जीव हळहळतो. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं घ्या, ८० ग्रिट (कणांचा बारीकपणा), ‘के’ ग्रेड (बोथट कण लवकर सोडणारं मऊसर चाक). चाकावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी नको.

बसवण्याआधी चाक भोकात बोट घालून टांगा आणि एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच टिचका मारा. खणखणीत वाजायला हवं. बद्द वाजलं तर तडा समजा. मात्र ओलं चाकही बद्द वाजतं, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात आधी नीट सुकवून मगच वाजवा.