दुधाचा दर उतरतो, खर्च चढतो: लिटरमागचा खर्च कसा आवरावा

दुधाचा दर पडला की गोठ्यात पहिली कात्री लागते ती खुराकाला. हा निर्णय बहुतेक वेळा अंगाशी येतो. गाय दूध देवो अथवा न देवो, तिचे शरीर चालवण्यासाठी ठराविक चारा तिला घालावाच लागतो आणि त्यावर जे उरते त्याचेच दूध होते. ४०० किलो वजनाच्या गाईला नुसते जगण्यासाठी रोज जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात साधारण ९ ते १० लिटर दूध तयार होऊ शकते. म्हणजे रोज १० लिटर देणाऱ्या गाईच्या खाण्यातला जवळजवळ निम्मा भाग दुधाकडे जातच नाही. अशा गाईचा खुराक सरसकट कमी केला, तर कपात होते ती दुधाच्या वाट्याची. शरीराचा वाटा आहे तसाच राहतो आणि प्रत्येक लिटरवर पडणारा बोजा उलट वाढतो. म्हणून गोठ्याचा एकूण खर्च किती झाला यापेक्षा एका लिटरमागे किती झाला, हा आकडा समोर ठेवूनच पुढचे सगळे ठरवावे.

दर कोणामुळे पडतो, हे समजून घेतले तर निदान चुकीच्या ठिकाणी शक्ती वाया जात नाही. जास्तीच्या दुधाची भुकटी आणि लोणी होते, हे पदार्थ जगाच्या बाजारात फिरतात आणि त्यांचा भाव कोसळला की त्याची झळ दूध घालणाऱ्यापर्यंत येते. युरोपीय संघाने १९८४ पासून चालत आलेली दुधाच्या उत्पादनावरची मर्यादा २०१५ मध्ये उठवली, त्यानंतरच्या मंदीत हेच झाले. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे धान्य आणि खते महागली, तेव्हा तडाखा खर्चाच्या बाजूने बसला. यातले काहीही एका गोठ्याच्या हातात नाही. हातात आहे तो स्वतःचा लिटरमागचा खर्च, आणि त्यातही जो डोळ्यांना दिसत नाही तो आधी पकडायचा.

आधी तराजू, मग वही

पशुखाद्याचा आणि चाऱ्याचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त असतो, तरीही तोच बहुतेकांकडे अंदाजाने मोजला जातो. दोन पेंढ्या, एक पाटी, अर्धी बादली ही मापे माणसागणिक बदलतात. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक पाटी तोलून टाकावी, दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उरलेली वैरणही तोलावी आणि प्रत्येक जनावराचे दूध वेगळे मोजून लिहावे. महिन्यातून दोनदा एवढे केले तरी पुरते.

पैशांचा हिशेब दर आठवड्याला बदलतो, म्हणून तुलना दुधातच करावी. एक किलो खुराकाच्या किमतीत आपले किती लिटर दूध जाते, हे काढून ठेवावे. समजा ते पाऊण लिटर आहे. एखाद्या गाईला एक किलो खुराक वाढवल्यावर ती सव्वा लिटर जास्त देत असेल, तर दर पडलेला असतानाही तो किलो चालू ठेवणेच फायद्याचे. जी गाय त्याच किलोवर जेमतेम पाव लिटर वाढवते, तिचा तो किलो काढून घ्यावा. ही परीक्षा एका वेळी अर्धा-एक किलोचाच बदल करून आणि किमान दोन आठवडे थांबून घ्यावी, कारण पोटातल्या जंतूंना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. शिवाय नुकत्याच व्यालेल्या गाईवर ती कधीही करू नये. वेताच्या सुरुवातीला तिची उपासमार झाली तर दुधाचा चढ गाठला जात नाही आणि पुढचे सगळे वेत त्याची भरपाई होत नाही.

चारा विकत घेताना पाण्याचे पैसे देऊ नयेत

हिरव्या चाऱ्यात कोरडा भाग साधारण १५ ते २५ टक्के असतो, चांगल्या मुरघासात (हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३० ते ३५ टक्के आणि वाळलेल्या वैरणीत ९० टक्क्यांच्या आसपास. जनावराचे पोषण होते ते या कोरड्या भागातून. हिरवा चारा ज्या भावाने मिळतो त्याच्या दीडपट भावाचा मुरघास महाग वाटतो. पण चाऱ्यात कोरडा भाग २० टक्के आणि मुरघासात ३३ टक्के धरला, तर कोरड्या किलोमागे मुरघासच स्वस्त पडतो. प्रमाण घरीच काढता येते: २०० ग्रॅम कुट्टी जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर, न करपवता, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावी, ६० ग्रॅम उरली तर कोरडा भाग ३० टक्के.

मुरघास स्वतः करणार असाल तर सगळे काही कापणीच्या दिवसावर अवलंबून असते. मक्याच्या दाण्यात चीक भरून दाणा घट्ट होऊ लागला की ताजी कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबावी आणि हळूच मूठ उघडावी. बोटांतून रस गळला तर पीक अजून ओले आहे, ते भरल्यास आंबूस पाणी सुटून पोषण वाहून जाईल. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला आहे, तो दाबूनही हवा निघणार नाही आणि बुरशी धरेल. मुठीतला गोळा सावकाश उमलत सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला, की त्याच दिवशी कापणी करावी. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची असावी, थरावर थर तुडवून हवा काढावी आणि तोंड बंद केल्यावर सुमारे ४५ दिवस उघडू नये. नीट जमलेल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो; कुजका किंवा खवट वास आला, अथवा बुरशी दिसली, तर तो भाग जनावरापुढे टाकू नये, कितीही जीव तुटला तरी.

वाया जाणारे दिवस

मला विचाराल तर गोठ्यातला सर्वांत मोठा न दिसणारा खर्च हाच आहे. गाईचा गाभण काळ सुमारे २८० दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षाला एक वेत हवे असेल तर व्याल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहायला हवी. एक माज हुकला की २१ दिवस गेले. असे चार माज हुकले की जवळजवळ तीन महिने गाय घटलेल्या दुधावर, आणि पुढे भाकड राहून, तेवढाच चारा खात उभी राहते. हा तोटा कुठल्याही पावतीवर दिसत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो. म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा आणि माज बहुतेकदा मुका. तिच्याकडे तर जास्तच लक्ष द्यावे लागते.

यावर उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. पहाटे आणि रात्री उशिरा, गोठा शांत असताना, अर्धा-अर्धा तास कोणतेही काम न करता नुसते उभे राहून पाहावे. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही, जिच्या शेपटीला काचेसारखा पारदर्शक सोट चिकटलेला आहे, जी हंबरते आणि दूध चोरते, तिचा क्रमांक आणि वेळ लगेच लिहावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम पाळावा. रेतनानंतर १८व्या ते २४व्या दिवसापर्यंत पुन्हा लक्ष ठेवावे आणि ६० ते ९० दिवसांत पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी. तीन वेळा उलटलेल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहिलेल्या गाईवर चौथे रेतन करण्याआधी कारण शोधावे. पुष्कळदा ते खनिजांच्या कमतरतेत किंवा गर्भाशयाच्या आजारात सापडते.

कास आणि फॅट

सुप्त कासदाहात दूध पाहून काहीच कळत नाही, गाठी नसतात, सूज नसते, फक्त दूध कमी होत जाते आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) उतरतो. महिन्यातून एकदा चार खणांच्या तबकडीत चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन कॅलिफोर्निया चाचणीचे द्रावण मिसळावे. ज्या खणातले दूध लिबलिबीत होते तो सड बाधित. त्या जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी. धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे असते. तेवढा वेळ जनावर खाली बसू नये म्हणून सड जंतुनाशकात बुडवून लगेच पुढे वैरण टाकावी. खर्च थोडा, पण यात खंड पडू देऊ नये.

फॅट कमी लागते तेव्हा आधी धार कशी काढली जाते ते पाहावे, कारण शेवटच्या धारांमधली फॅट पहिल्या धारांच्या कित्येक पट असते आणि कास अर्धवट सोडली तर नेमका तोच भाग आत राहतो. त्यानंतर वैरण पाहावी. कुट्टी फार बारीक किंवा खुराक फार जास्त झाला की रवंथ घटतो आणि फॅट पडते. दुपारी बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत. शेणात अख्खे दाणे दिसत असतील, तर तेवढा खुराक विकत घेऊन उकिरड्यावर टाकला जात आहे.

पाणी हा यातला सर्वांत स्वस्त खुराक. दुधात ८७ टक्के पाणी असते, आणि दिवसातून दोनदाच पाण्यावर नेलेली गाय उन्हाळ्यात हमखास दूध चोरते असे वाटते; प्रत्यक्षात ती तहानलेली असते. पाणी चोवीस तास समोर असावे आणि सावलीत असावे.

राहिला प्रश्न कोणते जनावर ठेवावे याचा. वर्षाचे दूध, दोन वेतांमधले अंतर आणि कासेचा इतिहास या तीन नोंदी शेजारी ठेवल्या की गोठ्यातली एक-दोन जनावरे इतरांच्या कमाईवर जगत असल्याचे दिसते. त्यांच्याविषयी निर्णय दर चांगला असताना घ्यावा, मंदीत घाईने विकण्याची वेळ येऊ देऊ नये. दर चढला की नवी जनावरे घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी तो पैसा पुढच्या सहा महिन्यांच्या मुरघासात आणि घरच्या कालवडींच्या वाढीत घालावा. वासराला जन्मल्यापासून पहिल्या तासाभरात पोटभर चीक पाजला आणि पुढे त्याची वाढ खुंटू दिली नाही, तर चांगली सांभाळलेली संकरित कालवड सव्वादोन वर्षांच्या आसपास व्यायला हवी. ती तीन वर्षांची होऊन व्याली, तर मधल्या नऊ महिन्यांची वैरण तिच्या पहिल्या वेताच्या दुधातून वजा करूनच हिशेब मांडावा.