कोकणात सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेताय? या चुका टाळा

कोकण रेल्वेने चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरायचं, तिथेच गाडी भाड्याने घ्यायची, दोन दिवस समुद्र आणि एक दिवस कोयना-चांदोलीचं जंगल. बेत झकास आहे. पण तो बिघडतो बहुतेक वेळा चावी हातात घेण्याआधीच.

सुरुवात नंबरप्लेटपासून करा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट टॅक्सी. गावात मात्र "आमच्या ओळखीतल्याची आहे, दिवसाचे एवढे द्या" म्हणत पांढऱ्या पाटीची गाडी पुढे केली जाते. ती स्वस्त पडते, म्हणून लोक घेतात. पण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने देणं वगळलेलं असतं. कुठे धडक बसली की मालक म्हणणार, पाहुण्याला दिली होती. आणि तुम्ही पाहुणे नव्हता हे तुमच्याच यूपीआयची नोंद सांगणार. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. तेवढं स्टँडवर उभ्या उभ्याही होतं.

मोपा विमानतळावर उतरून गोव्याची गाडी सावंतवाडी-मालवणकडे आणणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: ही गाडी महाराष्ट्रात न्यायला मालकाची परवानगी आहे का, आणि तिकडचा परमिट-टॅक्स कोण भरणार? "चालतं हो" हे उत्तर पुरेसं नाही, करारावर लिहून घ्या. महाराष्ट्रात येताना डिकीत गोव्याच्या दारूच्या बाटल्या भरू नका. बांद्याच्या बाजूला तपासणी होते, आणि विनापरवाना दारू सापडली तर गाडीसुद्धा जप्त होते. भाड्याची गाडी जप्त झाली, तर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावर.

आता जंगल. नकाशात चांदोली राष्ट्रीय उद्यान रत्नागिरी जिल्ह्याला अगदी खेटून दिसतं, म्हणून संगमेश्वरातून तासाभरात पोहोचू असं वाटतं. मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे, हे नकाशा सांगत नाही. पर्यटकांची वाट घाटमाथ्यावरून आहे, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात मणदूरकडून. रत्नागिरीहून आंबा घाट चढायचा, मलकापूर गाठायचं आणि तिथून वळसा घालायचा. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटातून कोयनानगर त्या मानाने जवळ. भाडं ठरवताना दिवसाला किती किलोमीटर मिळणार आणि त्यावर किती दर लागणार, हे याच वळशाचा हिशोब धरून विचारा.

आणि एवढं करून तुमची गाडी जंगलात जाईल असंही धरू नका. जंगलातली सफर बहुतेक ठिकाणी वन विभागाने ठरवलेल्या जीपमधून, सोबत गाईड घेऊन होते. त्यामुळे "जंगलात जायचंय" म्हणून महागडी एसयूव्ही घेणं हा शुद्ध तोटा. ती दिवसभर फाटकाबाहेर उभी राहणार. पावसाळ्यात तर सफारी बंदच असते. निघण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात फोन करा.

उलट कोकणातल्या गावांत लहान गाडीच हवी. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि समोरून एसटी. मागे घेताना डाव्या बाजूचं दार गडग्याला घासतं आणि डिपॉझिट तिथेच संपतं. गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ तर काढालच, पण डाव्या बाजूचे दरवाजे, बंपरची खालची कड आणि रिमही त्यात येऊ द्या.

सगळ्यात महाग चूक मात्र वाळूवर होते. कर्दे, गुहागर, काशीद, कुठेही सुट्टीत गेलात तर पाण्याच्या कडेला गाडी घेऊन फोटो काढणारे दिसतील. ओहोटीला वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. गाडी थांबली की चाकाखालची ओली वाळू सरकते. मग जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकं चाक खाली जातं. तेवढ्यात भरती लागते. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण सहा तास, पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार आत येतं. अशा वेळी गाडी रेटत बसू नका. टायरमधली थोडी हवा सोडा, चाकांपुढे फळ्या किंवा झावळ्या टाका आणि हळूच पहिल्या गिअरमध्ये काढा. नाहीच निघाली तर गावात ट्रॅक्टरवाल्याला हाक मारा; तो मागेल ते द्या, घासाघीस करायची ती वेळ नव्हे. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च साध्या विम्यात सहसा धरत नाहीत, आणि करारात "किनाऱ्यावर गाडी नेऊ नये" हे कलम असेल तर मालकही हात वर करतो. शिवाय वेळास, आंजर्ले इथे वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, हे गाडी नेणाऱ्यांना कोणी सांगावं?

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये तो टप्पा चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरा. जळका वास आला तर रुंद जागी थांबा, ब्रेक निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका. आंबा आणि फोंडा घाटात अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात. दिवे मंद करा आणि थांबा, हॉर्न नको.

जंगलजेटीवर, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर, गाडी चढवलीत तर हँडब्रेक ओढा आणि गिअर टाकून ठेवा.

गाडी परत करताना उजेड असावा. पायपुसण्यांखालची वाळू झटका, टाकी करारात ठरली असेल तेवढी भरून द्या आणि फास्टॅगचा हिशोब समोरच मिटवा. ई-चलन मात्र मालकाच्या नावावर मागाहून येतं. त्यासाठी डिपॉझिट किती दिवस अडकवणार, हे आधीच लिहून घेतलेलं असलं तर फोनवर भांडावं लागत नाही.