राव्हेलला धुक्यात बुडवू नका: फ्रेंच-इटालियन चेंबर संगीत वाजवताना या चुका टाळा

मोजक्या वादकांच्या चेंबर संगीतात राव्हेल किंवा देबुसी हे फ्रेंच संगीतकार समोर आले की बरेच पियानोवादक आधी पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) दाबतात आणि मग स्वर वाचतात. सगळं अंधुक, तरंगतं वाजलं म्हणजे फ्रेंच झालं, या समजुतीने या संगीताचं फार नुकसान केलंय. राव्हेल नेमकं लिहितो. लिहिलंय तसं वाजवलं की रंग आपोआप येतो.

त्याचा १९१४चा पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी) घ्या. पहिल्या भागात आठ मात्रा ३-२-३ अशा पडतात. या ठेक्यावर बास्क (फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या लोकांच्या) संगीताची छाप आहे. ४-४ मोजलंत की सुरावट लंगडते. वाद्यं बाजूला ठेवा, तिघांनी टाळी देत ३-२-३ म्हणा आणि ते तोंडात बसल्यावरच वाजवायला घ्या.

व्हायोलिन आणि चेलो इथे बरेचदा दोन सप्तकांच्या अंतराने एकच सुरावट वाजवतात, मधली जागा पियानोची. जरा सूर हलला की लगेच कळतं. चेलोने आधी एकट्याने, सूर न हलवता वाजवावं, व्हायोलिनने त्यावर आपला सूर लावावा. व्हायब्रेटो (सुराला दिलेला कंप) किती घ्यायचा ते नंतर ठरवा. पियानो जड वाटतोय? पियानोचं झाकण लावायची घाई नको. डावा हात हलका करा, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलताच पेडल सोडा.

दुसऱ्या भागात, ‘पांतूम’मध्ये, खरी कसोटी. मधल्या टप्प्यात पियानो ४/२च्या तालात जातो, तारवाद्यं ३/४च्या तालातच राहतात. एकमेकांना सांभाळून घ्यायला गेलात तर दोन्ही लयी जातील. आपापली मोजणी घट्ट धरा आणि जिथे एकत्र यायचंय तिथे पेन्सिलीने खूण करा.

देबुसीच्या १९१५च्या चेलो सोनाटात (चेलो आणि पियानोच्या रचनेत) वेगळीच अडचण असते: ‘सेदे’ (वेग थोडा कमी करा) ही सूचना दिसली की लय सैल सोडतात, ती परत आणायला विसरतात. शिवाय पियानोने चेलोशी झुंजू नये, साथ करावी, असं खुद्द देबुसीने बजावलंय.

इटालियन म्हटलं की ऑपेरासारखं गळा काढून वाजवायचं, हीही चूकच. जानेवारी १९१५मध्ये पॅरिसला राव्हेलचा हाच ट्रिओ पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर आल्फ्रेडो कासेला होता, फ्रेंच संगीतकार फोरेच्या हाताखाली शिकलेला इटालियन. इटालियन संगीतकार रेस्पीगीच्या १९१७च्या व्हायोलिन सोनाटाचा शेवटचा भाग पासाकाल्या आहे; खालची सुरावट फिरून फिरून येते, वरचं बदलत जातं. प्रत्येक बदलाला नवा वेग दिलात तर इमारतच कोसळते. पियानोवादकाने ती खालची सुरावट आधी नुसत्या डाव्या हाताने, एका लयीत, सलग वाजवून पक्की करावी.